बातमीचे माप

आमचा गोंदिया जिल्हा धानाचा. आषाढात बांध्यांमधून रोवणी सुरू होते, दिवाळीच्या सुमारास हलके धान घरी येते आणि शहराच्या कोणत्याही बाजूने आत शिरले तरी राइस मिली दिसतात. येथील माणसाला तांदूळ ओळखायला चष्मा लागत नाही. दाणा बोटांत धरला की नवा-जुना, कच्चा-उकडा सारे कळते. अशा मुलखात काही वर्षांपूर्वी जुमाच्या नमाजनंतर एक वृद्ध गृहस्थ माझ्याजवळ आले. त्यांची हयात मिलमध्ये पोती वाहण्यात गेली होती. त्यांनी रुमालाची गाठ सोडली, मूठभर रेशनचा तांदूळ दाखवला आणि हलक्या आवाजात म्हणाले, ‘‘मौलानासाहेब, हा प्लास्टिकचा आहे. आपल्याला हळूहळू संपवण्यासाठी देताहेत. मोबाइलवर आले आहे.’’

त्या तांदळात काही दाणे खरोखरच वेगळे होते. रंग किंचित निराळा, पाण्यात टाकले तर तरंगणारे. ते पोषणयुक्त दाणे होते. तांदळाच्याच पिठात लोह, फॉलिक आम्ल आणि ब-१२ जीवनसत्त्व मिसळून यंत्राने तांदळाच्या आकाराचे दाणे पाडतात आणि शंभर किलो तांदळात सुमारे एक किलो या प्रमाणात मिसळतात. २०२१ नंतर शाळेतील पोषण आहार, अंगणवाडी आणि रेशन दुकाने यांतून हा तांदूळ टप्प्याटप्प्याने सर्वत्र आला. तो हिंदूंच्या घरी शिजला, मुसलमानांच्या घरी शिजला, आदिवासी पाड्यांवरही शिजला.

या तांदळाविषयी विचारण्यासारखा खरा प्रश्नही होता. आमच्या भागात सिकलसेलचे रुग्ण आहेत. अशा रुग्णांना लोहयुक्त अन्न चालते की नाही, याविषयीची सूचना पिशवीवर छापावी, असा अन्नसुरक्षा प्राधिकरणाचाच नियम होता. रेशनवर सुटा तांदूळ घेणाऱ्या माणसापर्यंत ती सूचना कशी पोहोचणार, हे कोणीतरी विचारायला हवे होते. पण आमच्या मोहल्ल्यात माझ्या कानावर आली ती चर्चा प्लास्टिकचीच. खोट्या भयाने खऱ्या काळजीची जागा घेतली.

तांदळाच्या अफवेत कोणाचा जीव गेला नाही, म्हणून आपण हसून पुढे जाऊ शकतो. मात्र आयुष्यभर तांदूळ हाताळलेल्या त्या वृद्धाने आपल्या बोटांपेक्षा मोबाइलवर विश्वास का ठेवला, हा प्रश्न माझ्या मनातून गेला नाही. आजचे हे लेखन त्याच प्रश्नाविषयी आहे.

अफवेने घेतलेले जीव

१ जुलै २०१८. धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्याचे राईनपाडा गाव, रविवारचा आठवडी बाजार. सोलापूर जिल्ह्यातील मंगळवेढा तालुक्यातून आलेले नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण तेथे भिक्षा मागत होते. मुले पळवणारी टोळी फिरते आहे, अशी अफवा त्या भागात पसरली होती. जमावाने त्या पाचही जणांना ठार मारले. त्या वर्षी देशभर फिरलेल्या एका चित्रफितीत मोटारसायकलवरून आलेले दोघे रस्त्यावरचे मूल उचलून नेताना दिसत. ती मुळात पाकिस्तानातील कराचीत बालसुरक्षेच्या जागृतीसाठी केलेली फीत होती. तीत शेवटी मूल परत आणून सोडले जाते आणि पालकांना सावध राहण्याचा संदेश दिला जातो. तो शेवट कोणीतरी कापून टाकला होता.

त्याच दिवशीच्या रात्री मालेगावातही एका परगावच्या कुटुंबाला याच संशयावरून जमावाने घेरले. त्यांच्यासोबत लहान मूल होते. एका रहिवाशाने त्यांना आपल्या घरात घेतले, जमाव दाराशी असताना त्यांना बाहेर जाऊ दिले नाही आणि पोलिसांनी त्यांची सुटका केली. मालेगावात हे घडले म्हणून लक्षात ठेवावे असे एक आहे. दाराबाहेरचा जमाव आणि दाराआडचा रक्षक, दोघेही एकाच वस्तीतले होते. दोघांनी एकच अफवा ऐकली होती. फरक पडला तो ऐकल्यानंतर काय केले यात.

याच महिन्यात व्हॉट्सअॅपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पाठवता येईल, अशी मर्यादा घातली. बोटांना मर्यादा घालणे कंपनीच्या हाती होते. अंतःकरणाला मर्यादा घालणे हे धर्माचे काम आहे.

आपण भोगलेले

मार्च २०२० मध्ये दिल्लीच्या निजामुद्दीन मरकजमध्ये कोरोनाचा संसर्ग आढळला. संसर्ग झाला हे खरेच होते आणि त्यात कोणाची बेपर्वाई असेल तर तिचे समर्थन करण्याचे कारण नाही. परंतु पुढच्या काही आठवड्यांत एका आजाराला आपल्या समाजाचे नाव चिकटवले गेले. मुसलमान मुद्दाम रोग पसरवीत आहेत असे सांगणाऱ्या चित्रफिती घरोघरी पोहोचल्या. त्यांतल्या कित्येक जुन्या किंवा भलत्याच ठिकाणच्या होत्या. भाजी-फळे विकणाऱ्यांना नाव विचारून परत पाठवले गेले. २१ ऑगस्ट २०२० रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने तबलीगच्या परदेशी सदस्यांवरील गुन्हे रद्द केले आणि त्यांना बळीचा बकरा बनवण्यात आल्याची शक्यता स्पष्ट शब्दांत नोंदवली. निकाल आला, पण चित्रफिती ज्या वेगाने गेल्या होत्या त्या वेगाने तो गेला नाही.

त्याच एप्रिलच्या १६ तारखेला पालघर जिल्ह्यातील गडचिंचले गावात दोन साधू आणि त्यांचा वाहनचालक यांची जमावाने हत्या केली. त्यामागेही चोर, मुले पळवणारे अशाच अफवा होत्या. त्या निरपराध्यांच्या चिता थंड होण्याआधीच घटनेला धार्मिक रंग चढवला गेला. अखेर राज्याच्या गृहमंत्र्यांना अटक झालेल्या १०१ जणांची यादी प्रसिद्ध करून त्यात एकही मुसलमान नाही, हे सांगावे लागले.

हे सारे आपण भोगले आहे. खोटी बातमी माणसाचे काय करते, हे आपल्याला कोणी शिकवण्याची गरज नाही. म्हणूनच पुढचा प्रश्न आपल्याला विचारणे मला आवश्यक वाटते. ज्याच्यावर खोटा आळ आला, त्याला स्वतःच्या सोयीची खोटी गोष्ट मानण्याची सूट मिळते काय?

माझा स्वतःचा गुन्हा

त्याच २०२० च्या उन्हाळ्यात मशिदी बंद होत्या. मन कडवट झाले होते. एके रात्री मला एक ध्वनिसंदेश आला. विलगीकरण केंद्रात नेलेल्या आपल्या लोकांना कसलेसे इंजेक्शन देतात आणि ते परत येत नाहीत, असे कोणीतरी रडवेल्या आवाजात सांगत होते. बोलणारा कोण, कोठला, त्याने स्वतः काय पाहिले, यांपैकी मी काहीही विचारले नाही. ‘दक्षता घ्या’ अशी दोन शब्दांची जोड देऊन मी तो संदेश मोहल्ल्याच्या समूहात पाठवला.

चार दिवसांनी कळले की शेजारच्या गल्लीतील एक वृद्ध खाला तापाने फणफणत होत्या आणि घरच्यांनी आशाताईंपासून ते लपवून ठेवले होते. कारण विचारले तेव्हा त्यांचा मुलगा म्हणाला, ‘‘तुम्हीच तर पाठवले होते, मौलानासाहेब.’’ अल्लाहची कृपा की त्या बऱ्या झाल्या. झाल्या नसत्या तर मी अल्लाहसमोर काय उत्तर दिले असते, हे आजही मला ठाऊक नाही. हदीसशास्त्र शिकताना जे नियम मी पाठ केले होते, ते एका रात्रीत मी विसरलो होतो. विसरलो, कारण ती बातमी माझ्या दुःखाला जुळत होती.

हे एकट्या माझे नाही. पोलिओचे थेंब पाजल्याने पुढची पिढी निर्वंश होईल, ही अफवा उत्तर प्रदेशापासून मालेगाव-भिवंडीपर्यंत आपल्या वस्त्यांत वर्षानुवर्षे फिरली. अनेक उलेमा पुढे आले, मशिदींतून आवाहने झाली, स्वयंसेवक दारोदार फिरले. देशातील शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ रोजी नोंदला गेला आणि २७ मार्च २०१४ रोजी भारत पोलिओमुक्त जाहीर झाला. ज्या पिढीला निर्वंश करण्याचा डाव म्हटला जात होता, ती पिढी आज आपल्या मुलांना शाळेत सोडायला जाते. तरीही २०२२ च्या अखेरीस मुंबईतील गोवंडी, तसेच भिवंडी आणि मालेगाव येथे गोवराची साथ आली. मुले दगावली. त्यामागे दारिद्र्य, कुपोषण, दाट वस्ती, कोरोनाकाळात खंडित झालेले लसीकरण अशी अनेक कारणे होती. लसीविषयीचा संशय हेही त्यांतील एक होते. बाकीच्या कारणांसाठी आपण शासनाला जाब विचारू आणि विचारायलाच हवा. या एका कारणासाठी जाब आपल्यालाच द्यावा लागेल.

घेण्याचे माप, देण्याचे माप

सूरह अल-मुतफ्फिफीनच्या आरंभी अल्लाहने अशा लोकांच्या विनाशाची वार्ता दिली आहे, जे इतरांकडून घेताना पुरेपूर मापून घेतात आणि स्वतः देताना कमी देतात (८३:१-३). धानाच्या बाजारात काटा मारणे म्हणजे काय, हे आमच्या जिल्ह्यातील लहान मुलालाही कळते. बातमीच्या बाजारातही काटा मारला जातो, हे मात्र आपल्या ध्यानात येत नाही. आपल्याविरुद्धची बातमी आली की आपण तारीख विचारतो, ठिकाण विचारतो, चित्रफीत कोठे कापली ते शोधतो. समोरच्याविरुद्धची बातमी आली की तीच आपण न मोजता ओतून घेतो. एकच माणूस, एकच मोबाइल आणि दोन काटे.

कुरआनने बातमीचा नियम सांगताना असे म्हटलेले नाही की बातमी तुमच्याविरुद्ध असेल तेव्हा पडताळा. एखादा अविश्वसनीय मनुष्य वार्ता घेऊन आला तर शहानिशा करा, नाहीतर अजाणतेपणी एखाद्या समूहाला इजा कराल आणि मग पश्चात्ताप करत बसाल, असा तो आदेश आहे (सूरह अल-हुजुरात, ४९:६). इजा ज्या समूहाला होईल तो आपला की परका, ही अट त्यात नाही. सूरह अल-माइदाने तर सांगून ठेवले आहे की एखाद्या समाजाविषयीचे वैर तुम्हाला अन्यायाकडे ढकलू नये. न्याय करा, तोच ईशभयाच्या अधिक जवळ आहे (५:८). म्हणजे वैराला कारण असू शकते, हे गृहीत धरूनच हा आदेश दिलेला आहे.

सूरह अन-निसामधील १०५ ते ११३ या आयतींची पार्श्वभूमी तफसीरच्या ग्रंथांत दिलेली आहे. मदिनेत एका चिलखताची चोरी झाली. चोर नावाने मुसलमान होता. त्याने ते चिलखत एका यहुदी माणसाकडे ठेवले आणि आळ त्याच्यावर घातला. चोराचे कबीलेवाले एकत्र आले, आपल्या माणसाच्या बाजूने साक्षी देऊ लागले. माल यहुद्याच्या घरी सापडला होता, त्यामुळे वरवर पाहता सारे त्याच्या विरुद्ध होते. त्या काळात मदिनेतील यहुदी कबील्यांशी मुसलमानांचे संबंध ताणलेले होते. अशा वेळी वह्य आली आणि तिने यहुद्याला निर्दोष ठरवले, चोराची व त्याची बाजू घेणाऱ्यांची कानउघाडणी केली. पाप स्वतः करून ते निरपराध्याच्या माथी मारणारा मोठा आळ आणि उघड पाप आपल्या शिरावर घेतो, हे कायमचे सांगून ठेवले. एका एकाकी, परधर्मीय माणसाच्या अब्रूसाठी कुरआनच्या आयती उतरल्या आणि त्या आपण आजही नमाजमध्ये पठण करतो. आपल्या बाजूची म्हणून एखादी खोटी गोष्ट पुढे पाठवताना निदान एवढे आठवावे.

डाव असतात, मग संशय का नको?

येथे एक आक्षेप येतो आणि तो हलका नाही. अनेक तरुण मला विचारतात, डाव रचले जातातच ना? मग संशय घेणे ही सावधगिरी नाही काय?

डाव असतात. कुरआन ते नाकारत नाही. सूरह आल-इमरानमध्ये विरोधकांच्या कारस्थानाचा उल्लेख आहे आणि अल्लाहची योजना त्याहून श्रेष्ठ असल्याचेही सांगितले आहे (३:५४). प्रश्न डाव असण्याचा नसून पुराव्याचा आहे. सावध माणूस पुरावा शोधतो आणि पुरावा उलटा निघाला तर मत बदलतो. ज्याला सर्वत्र कट दिसतो, त्याच्यापुढे पुरावा ठेवला तर तो कट सिद्ध झाला म्हणतो. पुरावा नाही असे दाखवले तर बघा, पुरावाही दडपला म्हणतो. अशा मनाला दुरुस्त करण्याची वाटच उरत नाही. सूरह अल-मुनाफिकूनमध्ये ढोंगी लोकांचे एक लक्षण सांगितले आहे: प्रत्येक आरोळी आपल्याच विरुद्ध आहे असे त्यांना वाटते (६३:४). हे लक्षण ईमानधारकाचे म्हणून सांगितलेले नाही, याचा आपण विचार करावा.

याचा आणखी एक तोटा आहे. सारे काही कोणीतरी पडद्याआडून ठरवले आहे, असे मानले की आपल्यापाशी करण्यासारखे काही उरत नाही. मुलाला शिष्यवृत्तीचा अर्ज भरायचा नाही, कारण ती मिळणारच नाही. ग्रामसभेला जायचे नाही, कारण सारे ठरलेले आहे. लस घ्यायची नाही, तक्रार नोंदवायची नाही. सर्वशक्तिमान केवळ अल्लाह आहे, असे आपण रोज म्हणतो आणि काही अज्ञात माणसांना मात्र जगाची सगळी सूत्रे देऊन टाकतो. हा तवक्कुल नव्हे. खरा अन्याय जेथे झाला, तेथे औरंगाबाद खंडपीठापुढे कागद, तारखा आणि कायदा घेऊन उभे राहिलेले लोक कामाला आले. ध्वनिसंदेश कामाला आला नाही.

आपल्याच आवाजाचा पडसाद

पूर्वी माणूस चहाच्या टपरीवर चार मतांची माणसे भेटून घरी येई. आज प्रत्येकाच्या हातात त्याचा स्वतःचा मोहल्ला आहे, ज्यात त्याच्याच मताचे लोक राहतात. एकच गोष्ट पाच समूहांत दिसली की पाच साक्षीदार मिळाल्यासारखे वाटते. प्रत्यक्षात साक्षीदार एकही नसतो, एकाच आवाजाचे ते पाच पडसाद असतात. शेजारच्या गल्लीतील हिंदू बांधवाचा मोबाइल त्याला अशाच दुसऱ्या मोहल्ल्यात नेतो. दोघेही सकाळी एकाच नळावर पाणी भरतात, पण रात्री दोन निराळ्या जगांत झोपतात.

यावर आपल्या पूर्वजांनी घालून दिलेली शिस्त आहे. हदीसचे संकलन करणारे मुहद्दिस प्रत्येक वचनासाठी सनद मागत: तू कोणाकडून ऐकलेस, त्याने कोणाकडून ऐकले, दोघे भेटले होते काय, स्मरणशक्ती कशी होती. पंथ आपला असणे त्यांना पुरेसे वाटले नाही. इमाम मुस्लिम यांच्या ग्रंथाच्या प्रस्तावनेत असे विचार नोंदलेले आहेत की काही धार्मिक, भोळ्या माणसांकडूनही हदीसच्या बाबतीत असत्य निघून जाते. त्यांची नीयत चांगली असते, पण ते पडताळत नाहीत. उलट इमाम बुखारी यांनी इमरान बिन हित्तान या खारिजी मनुष्याकडूनही रिवायत घेतली. त्याच्या मतांशी त्यांचे काहीच जुळत नव्हते, पण तो खोटे बोलत नाही हे तपासाने कळले होते. आपला म्हणून स्वीकारायचे नाही आणि परका म्हणून नाकारायचे नाही, ही ती शिस्त होय. आपल्या समूहात येणाऱ्या संदेशांना आपण याच्या शतांशाने तरी प्रश्न विचारतो काय?

ऐकलेली प्रत्येक गोष्ट सांगत सुटणे एवढेच माणूस खोटा ठरायला पुरे आहे, अशी प्रेषित मुहम्मद (स.) यांची शिकवण आहे. ‘लोक असे म्हणतात’ हे माणसाचे फार वाईट वाहन असल्याचेही त्यांनी सांगितले. आज त्या वाहनाचे नवे नाव ‘जसे आले तसे पाठवले’ असे आहे. या चार शब्दांनी जबाबदारी झटकली जाते, असा आपला समज आहे. सूरह बनी इस्राईलमध्ये मात्र कान, डोळे आणि अंतःकरण या सर्वांचा जाब घेतला जाईल, असे स्पष्ट म्हटले आहे (१७:३६). विश्वास आपोआप बसतो, त्यात माझा काय दोष, असे म्हणून सुटका नाही. बातमी आवडली हे आपल्या हाती नसेल. ती तपासणे आणि थांबवणे आपल्या हाती आहे.

घरातील एक संवाद

आदरणीय आयशा (रजि.) यांच्यावर जेव्हा आळ घेतला गेला, तेव्हा सुमारे महिनाभर मदिना त्या अफवेने ढवळून निघाली. ती रचली ढोंग्यांनी. पण पसरवणाऱ्यांत काही सच्चे ईमानधारकही होते, हे विसरता कामा नये. सूरह अन-नूरने त्यांना बोल लावला की तुम्ही ही गोष्ट जिभेवर घेत होता आणि ती क्षुल्लक समजत होता, अल्लाहपाशी मात्र ती फार मोठी होती (२४:१५). त्याच दिवसांत आदरणीय अबू अय्यूब अन्सारी (रजि.) यांच्या पत्नीने त्यांना विचारले, लोक काय म्हणताहेत ते ऐकले का? ते म्हणाले, ऐकले आणि ते खोटे आहे. तू असे कृत्य केले असतेस काय? त्या नाही म्हणाल्या. तेव्हा ते म्हणाले, मग आयशा तर तुझ्याहून श्रेष्ठ आहेत. संवाद एवढाच. अफवा त्या घरात आली आणि तेथेच थांबली. पतीने पत्नीला गप्प केले नाही, रागावले नाही. एक साधा प्रश्न विचारला, ज्याने दुसऱ्याच्या जागी स्वतःला ठेवून पाहता आले. आपल्या प्रत्येक घरात असा एक माणूस असावा, मग तो आई असो, सून असो किंवा दहावीतली मुलगी.

राहिला माझा प्रश्न. जे पुढे गेले त्याची तौबा कशी करायची? सत्य लपवणाऱ्यांविषयी बोलताना सूरह अल-बकरामध्ये क्षमेचा मार्ग सांगितला आहे: ज्यांनी तौबा केली, आपले वर्तन सुधारले आणि जे लपवले होते ते स्पष्ट सांगितले (२:१६०). तिसरी अट जड आहे. मी त्या खालांच्या घरी गेलो, माफी मागितली. ज्या समूहात संदेश पाठवला होता, त्याच समूहात लिहिले की मी पाठवलेले खोटे होते, मी पडताळले नव्हते. मूळ संदेश लोकांनी आठ-दहा ठिकाणी पाठवला होता. माझी दुरुस्ती कोणी पुढे पाठवल्याचे मला दिसले नाही. तेव्हा त्यांतल्या प्रत्येकाला स्वतंत्रपणे फोन केला. कमीपणा वाटला. पण त्या रुमालवाल्या वृद्धांना मोबाइलवर इतका विश्वास का, याचे उत्तर त्या दिवशी मला मिळाले. त्यांना मोबाइलवर विश्वास नव्हताच. तो पाठवणाऱ्या माझ्यासारख्या माणसांवर होता.

अल्लाह आपल्या जिभा, आपली बोटे आणि आपली अंतःकरणे खोट्यापासून सुरक्षित ठेवो, आपल्या विरोधकाशीही न्यायाने वागण्याचे बळ देवो आणि आपल्या हातून ज्यांना इजा झाली त्यांची क्षमा मागण्याची हिंमत देवो. आमीन.